गाईंनी खाल्लेली शाळा

शाळा बुडवायला पोरांना निमित्तं काय थोडी सापडतात? पोट दुखतं, पाऊस येतो, दप्तर हरवतं, नेमका त्याच दिवशी मामा येतो. पण ‘आमची शाळा गाईंनी खाल्ली’ हे निमित्त सांगायची सोय अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, बेयार्ड नावाच्या गावाजवळच्या पोरांना झाली. एकोणिसावं शतक सरत आलं होतं. तिथं एका खोलीची शाळा उभी राहिली, भिंती घातल्या त्या दाबून बांधलेल्या गवताच्या गठ्ठ्यांच्या. आता बांधणाऱ्यांची घाई म्हणा, आळस म्हणा की पैशांची तंगी म्हणा, भिंतींना गिलावा केला नाही आणि भोवती कुंपणही घातलं नाही. मोकाट गुरांना आणखी काय हवं! त्यांनी भिंतींना तोंड लावलं आणि काही वर्षांत शाळा फस्त केली, असं तिकडचे लोक अजून हसत हसत सांगतात.

हसून झालं की मनात येतं, चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना गवताची भिंत घालायची बुद्धी झालीच कशी? तर त्यासाठी तो मुलूख डोळ्यांपुढं आणायला हवा. नेब्रास्काच्या पश्चिमेला वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे, सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर, आणि त्या साऱ्या वाळूला धरून ठेवलंय ते फक्त गवतानं. झाड म्हणून औषधाला नाही. दगड नाही. १९०४ साली मोझेस किंकेड नावाच्या तिथल्या खासदारानं कायदा करून घेतला, की या भागात जो पाच वर्षं राहील आणि जमिनीला हात लावून काही सुधारणा करील त्याला ६४० एकर जमीन मिळेल. सहाशेचाळीस एकर! आपल्याकडं एवढी जमीन असलेला माणूस गावाशी बोलायचा बंद होईल. तिथं तेवढ्यावर गुरांचा एक कळप जेमतेम पोसायचा. जमिनीच्या आशेनं लोक बैलगाड्या, घोडागाड्या भरून आले, आणि आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की राहायचं तर घर लागतं, आणि घराला लागणारी एकही वस्तू इथं उगवत नाही.

शेजारच्या गवताळ पट्ट्यांत लोकांनी यावर तोड काढलेली होती. नांगरानं जमिनीची वरची साल मुळांसकट कापायची, तिचे लांबट तुकडे पाडायचे आणि ते एकावर एक रचून भिंत उठवायची. मुळांची वीण इतकी दाट, की तुकडा हातात धरला तरी माती गळत नसे. इथं मात्र मातीच्या जागी वाळू. तुकडा उचलला की अर्धा खाली सांडायचा. लाकूड आणायचं तर रेल्वेनं, आणि रेल्वेच्या ठाण्यापासून पुढं गाडीनं, म्हणजे घरापेक्षा त्याचं भाडं जड. मग यांच्याजवळ उरलं काय? गवत, आणि ते दाबायचं यंत्र.

हे यंत्र तेव्हा नवंच होतं. लाकडाची लांबट पेटी, तिच्यात गवत कोंबायचं, बाहेर घोडा गोल गोल फिरायचा आणि त्याच्या जोरावर एक दट्ट्या पेटीतलं गवत दाबत जायचा. दुसऱ्या टोकानं तारेनं बांधलेली चौकोनी गासडी बाहेर पडायची. यंत्र काढलं ते गवत गाडीत जास्त मावावं म्हणून. पण गरजू माणसाची नजर वेगळी असते. त्या गासड्यांच्या थप्पीकडं बघून कोणा तरी गड्याला त्यात घर दिसलं.

आणि घर बांधायची रीत तरी किती सोपी! गासड्या विटेच्या थरांनी रचायच्या, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हे तर आपला कुठलाही गवंडी झोपेत सांगेल. मधे चुना नाही, गारा नाही. थर हलू नयेत म्हणून वरून लाकडी मेखा ठोकायच्या. दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवायच्या. जिथं अर्धी गासडी लागेल तिथं हातभर लांबीची दाभणासारखी सुई घ्यायची, दोरी ओवून गासडीच्या मधून आरपार काढायची, दोन्ही अर्ध्यांना नवे बंद आवळायचे आणि मगच जुना बंद कापायचा. आधी कापला तर सगळं काड फिसकारून अंगावर येतं. वर छप्पर चढवायचं आणि मग, हे महत्त्वाचं, काही आठवडे गप्प बसायचं. छपराच्या वजनानं भिंती दबतात, इंचा-इंचानं खाली बसतात. त्या बसल्या की गिलावा. ज्यांना धीर नव्हता त्यांनी लगेच लिंपलं आणि तडे बघत बसले.

या लोकांच्या मनात होतं की दोन-चार हिवाळे असेच काढू, मग हातात पैसा आला की लाकडाचं खरं घर बांधू. हिवाळा आला. त्या मुलखात थंडीत पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश उतरतो, वारा अडवायला एक झुडूप नाही, आणि उन्हाळ्यात तोच पारा चाळिशीकडं धावतो. अशा थंडीत शेजाऱ्याच्या लाकडी घरातली माणसं शेगडीला चिकटून बसलेली, आणि गवताच्या घरातली अंगावरचे कोट काढून बसलेली. खऱ्या घराची गोष्ट मग हळूहळू मागं पडली. अलायन्स गावाजवळ बर्क नावाच्या कुटुंबाचं १९०३ सालचं असं घर होतं. १९५६ साली माणसं तिथून उठून गेली, पण रिकामं घर पुढं कित्येक वर्षं बर्फ-ऊन खात उभंच होतं. आर्थर नावाच्या चिमुकल्या गावात १९२८ साली तर लोकांनी आख्खं चर्च राय धान्याच्या काडाच्या गासड्यांचं बांधलं. भिंती दोन फुटांच्या आसपास जाड. ते अजून आहे, आणि सरकारी वारसा-यादीत त्याचं नाव आहे.

आता यातली गंमत कळायला एक गव्हाची काडी हातात घ्यायला हवी. पीक कापून मळणी झाल्यावर जी उरते ती. नखानं चिरून बघा, आत पोकळ. ठरावीक अंतरावर पेर, पेरावर आडवा पडदा, पुन्हा पोकळी. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची ही काडी कमरेएवढी उभी राहते, डोक्यावर दाण्यांनी भरलेली ओंबी घेऊन, वाऱ्यात वाकते आणि पुन्हा सरळ होते. तेवढाच माल भरीव काडीत घातला असता तर ती बारीक तारेगत झाली असती आणि पहिल्या वाऱ्याला आडवी पडली असती. माल कडेला, मधे पोकळी, यात ताठपणा अधिक. सायकलच्या दांड्याची नळीही याच हिशेबानं पोकळ असते. आणि काडीची ती सोनेरी चमक? वर मेणाचा पातळ थर, आणि सालीत वाळूचं द्रव्य. होय, वाळूच. गवताच्या जातीची झाडं जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात आणि आपल्या सालीत साठवतात. भातानं तर त्यात कमाल केलीय. लावणीनंतर बेणणी करताना भाताची पात हातावर ओढली गेली की बारीक रेघ उमटते आणि चुरचुरते, ती या सिलिकेची करामत. कोकणात तुसाच्या राखेच्या राखुंडीनं दात घासत, तिचा खरखरीतपणाही त्यातलाच.

आमची धाकटी नात इथं हमखास आडवी येते. म्हणते, आजोबा, सिलिका होती तर गाईंनी शाळा खाल्ली कशी? प्रश्न रास्त आहे. हिरवं असताना कापून वाळवलेलं गवत वेगळं आणि पीक पिकल्यानंतर उरलेलं काड वेगळं. हिरव्या गवतात सत्त्व असतं. पीक पिकू लागलं की झाड आपल्या पानांतलं, दांड्यातलं सगळं चांगलं-चुंगलं गोळा करून दाण्यात भरतं, आणि मागं ठेवतं ते नुसतं सांगाड्याचं द्रव्य. अडलेली गाय ते खाते, पण हिरव्या घासाकडं बघत खाते. नेब्रास्काच्या सुरुवातीच्या बांधकामात कुरणातलं गवत पुष्कळ वापरलं गेलं, म्हणून गुरांची चंगळ झाली. पुढं शहाणपण आलं आणि लोक काडाकडं वळले, गिलावाही न चुकता करू लागले.

गाईला जे नको तेच बुरशीलाही फारसं नको, हा यातला दुसरा चमत्कार. कुजवणाऱ्या जिवांना कर्बाबरोबर नत्र लागतं, आणि गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागं कर्ब सुमारे ऐंशी भाग. म्हणून तर नुसत्या काडाचा खड्डा भरला की वर्ष लोटलं तरी खत होत नाही, शेण कालवावं लागतं. त्यात काड कोरडं असेल तर बुरशीची डाळ शिजतच नाही. फ्रान्समध्ये माँतार्जी गावात एमिल फ्योयेत नावाच्या इंजिनियरानं १९२० साली लाकडी सांगाड्यात काडाच्या गासड्या भरून घर बांधलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, गावंच्या गावं पडलेली, विटा-लोखंड मिळेना, तेव्हा स्वस्तात झटपट घर कसं उभं राहील याचा तो नमुना होता. घरानं शंभरी ओलांडली. काडाची घरं बांधणाऱ्यांच्या तिकडच्या संघटनेनं २०१३ साली ते विकतच घेतलं.

पण पाणी लागलं की हे सगळं गणित उलटतं. आमच्या लहानपणी एकानं अर्धवट ओलं गवत घाईनं रचून गंजी घातली होती. चार दिवसांनी आमच्या आजानं मला म्हटलं, हात घाल बघू आत. कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला. आत जिवाणूंची जत्रा भरलेली, आणि त्यांच्या श्वासाची उष्णता बाहेर जायला वाट नाही. अशी गंजी कधी कधी आपोआप पेटते. म्हणून काडाचं घर बांधणारे गासडी घेताना आत लांब सळईचं ओलमापक खुपसतात. शंभरात वीस भागांहून जास्त ओल दिसली की गासडी परत. त्यांच्यात एक म्हण पडून गेली आहे, की घराच्या पायात चांगले बूट आणि डोक्यावर मोठी टोपी हवी. आपण म्हणू, जोतं उंच आणि वळचण लांब. चिऊ-काऊच्या गोष्टीतलं काऊचं घर वाहून गेलं यात शेणाचा काय दोष? वळचण आखूड असणार!

गिलाव्याचंही तसंच. एक काळ असा आला की लोकांना वाटलं, सिमेंट फासलं की भिंत अमर. झालं उलटंच. सिमेंटला केसाएवढे तडे जातात, त्यातून पाऊस आत शिरतो, विशेषतः खिडकीच्या खालच्या पट्टीपाशी, आणि एकदा शिरलेली ओल बाहेर पडायला वाट नसते. मातीचा आणि चुन्याचा गिलावा मात्र वाफेला बाहेर जाऊ देतो. आपल्या आज्या तूस आणि शेण कालवून कुडाची भिंत लिंपत होत्या ते उगीच नाही.

ऊब कुठून येते हे राहिलंच. घोंगडी काही स्वतः गरम नसते. तिच्या लोकरीत हवा अडकून पडते आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी पलीकडं जाऊ देत नाही. काडाच्या भिंतीत नेमकं हेच होतं. काडीच्या पोटात हवा, काडी-काडीच्या मधल्या फटीत हवा, आणि दोन्हीकडच्या गिलाव्यामुळं तिला वाहायला जागा नाही. भाजलेल्या विटेतून जितकी उष्णता जाते तिच्या साधारण दहावा हिस्साच काडाच्या गासडीतून जातो. म्हणजे दीड फूट काडाच्या भिंतीचं काम विटेकडून करून घ्यायचं तर अदमासे पंधरा फूट रुंद भिंत घालावी लागेल. किल्ल्याच्या तटाला शोभेल अशी! आतल्या बाजूचा जाड मातीचा गिलावा आणखी एक काम करतो. दिवसाची ऊब किंवा रात्रीचा गारवा तो धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. आवाजही आत येत नाही. खिडक्या खोल होतात, त्यात बसून पोरं अभ्यास करतात, मांजरं झोपतात.

आगीचं काय, असं विचारल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि उठूही नये. सुटं काड भडकतं, यात वाद नाही. म्हणून बांधकाम चालू असताना खाली पडलेलं भुसकट रोज झाडून काढावं लागतं, आणि बिडीवाल्याला लांब बसवावं लागतं. पण दाबलेल्या गासडीत आगीला हवा मिळत नाही. वरची काडी काळी पडते, तिचा कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या काडाचं रक्षण करतो. अमेरिकेत २००६ साली रीतसर परीक्षा झाली. भिंतीच्या एका बाजूला भट्टी लावली, ताप नऊशे अंशांच्या वर नेला. मातीनं लिंपलेली भिंत तासभर टिकली, सिमेंटची दोन तास. उंदीर? भिंत नीट लिंपलेली असली तर त्याला आत शिरायला भोक नाही, आणि शिरला तरी दाणा नाही. उपाशी उंदीर कशाला राहील?

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती भूकंपाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते आपल्याला ठाऊक आहे. लातूर-उस्मानाबादकडची ती घरं म्हणजे दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीच्या माळवदाचा भार. उन्हाळ्यात गार, पण जमीन हलली तेव्हा तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला, जवळजवळ दहा हजार जीव गेले. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीर आणि पाकिस्तानच्या डोंगराळ भागात तसंच झालं, त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर. त्यानंतर डार्सी डोनोव्हन नावाच्या एक अमेरिकन इंजिनियर बाई तिथं गेल्या. त्यांनी बघितलं की इथं गव्हाचं काड आहे, माती आहे, हातांना काम हवंय आणि पैसे नाहीत. मग हातानं चालवायच्या साच्यात लहान गासड्या दाबायच्या, पायाला खडी भरलेली पोती, भिंतीला दोन्ही बाजूंनी नायलॉनची जाळी आवळायची आणि मातीचा गिलावा, अशी रीत त्यांनी बसवली. २००९ साली नेवाडा विद्यापीठात, रेनो शहरात, चौदा फूट लांब-रुंद असं आख्खं घर त्यांनी हलत्या चौथऱ्यावर बांधलं आणि हलवायला सुरुवात केली. धक्के वाढवत वाढवत १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपाच्या दुपटीपर्यंत नेले. घर डुललं, कोपऱ्यांतून धूळ आणि भुसा उडाला, गिलाव्याला तडे गेले. पण ते पडलं नाही. काडाची भिंत हलकी असते आणि धक्का बसला की दबून पुन्हा फुगते, तो धक्का स्वतःच्या पोटात घेते.

हे सगळं असताना जगभर शेतकरी काड जाळतात, याचं मात्र नवल वाटतं. सुक्या काडाच्या वजनात चाळीसेक टक्के कर्ब असतो. पिकानं तो हवेतून ओढून आणलेला. काडी ओढली की तो सगळा पुन्हा हवेत. पंजाब-हरियाणाचा भाताचा पेंढा पेटतो आणि दिल्लीकर खोकतात, ते दर हिवाळ्याच्या तोंडाशी आपण वाचतोच. कॅलिफोर्नियातल्या भातशेतीतही हीच रड होती. १९९१ साली कायद्यानं जाळण्याला आळा घातला, तेव्हा या पेंढ्याचं करायचं काय म्हणून डोकं खाजवणाऱ्यांना नेब्रास्काच्या जुन्या घरांची आठवण झाली. १९९५ मध्ये तिथं काडाच्या घरांसाठी नियम आले, आणि २०१५ साली अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या घरबांधणीच्या नियमपुस्तकात त्यांना पुरवणीत जागा मिळाली. आर्थरचं चर्च तोवर सत्त्याऐंशी वर्षांचं झालं होतं.

आता कोणी म्हणेल, आजोबा, मग आपल्या गावात बांधू या का? मी लगेच हो म्हणणार नाही. मराठवाड्यात, माणदेशात कडबा म्हणजे गुरांच्या तोंडचा घास. दुष्काळात चारा छावणीला रांग लागलेली असताना वैरण भिंतीत चिणायला निघालेल्याला लोक गावात राहू देणार नाहीत, आणि बरोबरच करतील. गव्हाचं काड मात्र पुष्कळ ठिकाणी बांधावर पेटवून देतात. कोरड्या पट्ट्यात, उंच जोत्यावर, त्याची एखादी खोली बांधून बघायला हरकत नाही. वाळवीचा बंदोबस्त जोत्यातच करून घ्यावा, आणि सुगी संपताच, वळवाच्या आधी, गासड्या छपराखाली आणाव्यात. आणि कोकणात? तिथं चार महिने पाऊस आडवा-तिडवा मारतो, हवा तर बाराही महिने ओली. तिथल्या लोकांनी चिऱ्याच्या भिंती घालून पेंढा गोठ्याच्या माळ्यावर ठेवला, ते विचार करूनच ठेवला. कोणाला फारच हौस असेल तर त्यानं खुशाल बांधावं. फक्त कुंपण आधी घालावं, आणि शेजारच्या गाई कोणाच्या आहेत ते विचारून ठेवावं.